नैवेद्याचं नाक

आमचे हे अंधेरीला, विमानतळाजवळच्या एका मोठ्या हॉटेलात बारवर होते. म्हणजे काउंटरच्या आत उभं राहून लोकांना दारू बनवून द्यायची, ती नोकरी. आज मी हे सरळ लिहून मोकळी होते, पण ऐंशीच्या दशकात बोरिवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये असं वाक्य माझ्या तोंडून कधी निघालं नाही. 'हॉटेल लाइनला आहेत' एवढंच सांगायचे. ऐकणारीने त्यातून काय समजायचं ते समजावं. आमच्या मजल्यावर नाकाने कांदे सोलणाऱ्या बायकांची कमी नव्हती, आणि माझं स्वतःचं नाकही तेव्हा काही कमी वर नव्हतं.

ही नाकाचीच गोष्ट आहे, तेव्हा आधी माझ्या नाकाबद्दल सांगते. माझं माहेर मालवणजवळ. आईने मला स्वयंपाक शिकवला तो नैवेद्यापासून. नैवेद्याचं अन्न चाखायचं नाही. देवाला दाखवायच्या आधी जिभेला लागलं तर ते उष्टं. मग मीठ बरोबर पडलं की नाही, गूळ पुरे झाला की नाही, हे कळायचं कसं? तर वासावरून. आई पातेल्यावरचं झाकण उचलायची, वाफ हाताने स्वतःकडे ओढून घ्यायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "मीठ कमी आसा." मीही तेच शिकले. लग्नानंतर ह्यांनी त्यावरून माझी भरपूर थट्टा केली. "अगं, मिठाला कुठे वास असतो?" मी म्हणायचे, "मिठाला नसतो. मीठ पडलेल्या भाजीला असतो." सणावाराचा सगळा स्वयंपाक मी न चाखता करायचे आणि तो कधी बिघडला नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, थोडी बढाई आहे.

ह्यांचं नाक नोकरीचं होतं. स्वतः घ्यायचे नाहीत. शिमग्याला गावी गेले तर मित्रांबरोबर एखादा घोट, तेवढंच. पण कामावर गेल्या गेल्या पहिलं काम म्हणजे वास घेत फिरणं. उघडलेल्या बाटल्यांचा, लिंबाच्या रसाचा, नारळाच्या दुधाचा, अगदी बर्फाचासुद्धा. "बर्फाला फ्रिजमधल्या मटणाचा वास लागला ना, की चांगल्या जिनची वाट लागते," असं मला सांगायचे. मला त्यातलं काही ऐकायचं नसायचं. त्यांचे शर्ट धुवायला घेतले की सिगारेटचा आणि दारूचा भपकारा यायचा आणि माझं तोंड सुरू व्हायचं. ते आपले चहा पीत बसायचे.

ज्या वर्षाचं सांगतेय त्या वर्षी आम्ही गणपतीला गावी गेलो नाही. आधी आठवडाभर हे तापाने फणफणले होते. सर्दी तर अशी की बोलणं कळेना. ताप उतरला, सर्दी गेली, आणि आम्ही घरीच छोटा गणपती बसवला. मी हळदीच्या पानांवर मोदक उकडायला ठेवले होते. हळदीचं पान वाफेवर तापलं की जो वास सुटतो तो ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. जिन्यातून येणारे-जाणारे विचारत होते, "झाले का मोदक?" आणि हे स्वयंपाकघराच्या दारात, माझ्यापासून हातभर अंतरावर उभे राहून म्हणाले, "आज मोदक नाही करायचे?"

मला वाटलं, थट्टा. वळून बघितलं तर चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

त्यांनी ओट्यावरचं हळदीचं पान उचललं, चुरगाळलं, नाकाशी नेलं. मग हिंगाची डबी. मग उदबत्तीचा पुडा. मग मोरीतली फिनाइलची बाटली उघडून असा खोल श्वास घेतला की मी "अहो, अहो" करत ती हातातून ओढून घेतली. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "माका कसलोच वास येणा नाय गो." एरवी आम्ही घरात मुंबईचंच मराठी बोलायचो. मालवणी बाहेर पडायची ती भांडणात, नाहीतर भीतीत. त्या दिवशी भांडण नव्हतं.

घाटकोपरला नाक-कान-घशाच्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाकात बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले की तापाने वासाची नस दुखावली आहे, कधी कधी ती आपोआप सुधारते. "दिवाळीपर्यंत वाट बघा. दिवाळीपर्यंत आला तर आला वास." मी विचारलं, "आणि नाही आला तर?" डॉक्टर चिठ्ठी लिहीत राहिले. जीभ मात्र शाबूत होती. आंबट, गोड, खारट, कडू एवढं ह्यांना नीट कळायचं. पण केळं खाल्लं काय आणि साखरेचं पाणी प्यायलं काय, दोन्ही त्यांना सारखंच लागायचं.

हॉटेलात त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही, आणि व्हायचं ते लवकरच झालं. अननसाचा रस आणि नारळाचं दूध घालून एक कॉकटेल करतात. त्यातलं दूध उतरलेलं होतं. बारवरच्या दुसऱ्या कुणालाही दोन पावलांवरून कळलं असतं. ह्यांनी ते छान फेसाळून, वर अननसाची फोड लावून पाहुण्यापुढे ठेवलं, आणि पाहुण्याने ग्लास तोंडाजवळ नेऊन तसाच खाली ठेवला. मॅनेजरने ह्यांना बाजूला घेतलं. पुन्हा असं झालं तर बार सोडून स्टोअरला जावं लागेल, असं बजावलं. शिवाय दसऱ्यानंतर बारवरच्या कॉकटेलांची नवी यादी ठरणार होती. दिवाळीपासून परदेशी पाहुण्यांचा सीझन सुरू व्हायचा, त्यासाठी बारवरच्या प्रत्येकाने आपलं एक नवीन कॉकटेल करून दाखवायचं होतं.

"मग स्टोअरला गेलात तर बिघडलं कुठे?" मी म्हणाले. "दिवसाची ड्युटी, रात्री घरी." मनातून मला ती कल्पना आवडलीच होती. शेजारणींना सांगायला 'स्टोअरकीपर' किती बरं.

ते खिडकीशी उभे होते. आमच्या खिडकीतून तेव्हा नॅशनल पार्कचे डोंगर दिसायचे, मध्ये एकही इमारत नव्हती. तिकडे बघतच म्हणाले, "तुला कोणी सांगितलं, उद्यापासून चुलीपाशी जायचं नाही, फक्त डबे पुसून फळीवर लावायचे. तर?"

त्यावर माझं तोंड बंद झालं. माझं तोंड बंद होणं ही आमच्या घरात मोठी घटना होती.

दोन-तीन दिवसांनी त्यांनी विचारलं, "तुझं ते नैवेद्याचं नाक मला देशील थोडे दिवस?" मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी नीट सांगितलं. ते घरी कॉकटेल बनवणार, मी फक्त वास घ्यायचा. चाखायचं नाही, थेंबसुद्धा नाही. जिभेचं काम ते बघतील. मी म्हणाले, देवघर ह्याच खोलीत आहे, ओट्याच्या वर, दिसतंय ना? म्हणाले, दिसतंय. मी म्हणाले, लोक काय म्हणतील? म्हणाले, लोकांना माझं नाक गेलेलं तरी कुठे माहीत आहे. नवरा एरवी कमी बोलणारा असला की त्याच्या एवढ्याशा बोलण्यालाही फार वजन येतं. मी देवघराला छोटा पडदा शिवला. दुपारी देव झोपतात, तेव्हा त्यांच्या झोपेची सोय केली असं मी स्वतःला सांगितलं.

त्या दुपारी आता मला स्वप्नात पाहिल्यासारख्या वाटतात. मुलगी दुपारच्या शाळेत जायची. जेवणं आटोपून बिल्डिंग सुस्तावलेली असायची. कुठेतरी खालच्या मजल्यावर रेडिओ हळू आवाजात चाललेला, डोंगराकडून घारी येऊन गोल फिरत राहिलेल्या. हे ओट्यावर पांढरा स्वच्छ नॅपकिन अंथरायचे. त्यावर स्टीलचा शेकर, लांब दांड्याचा चमचा, गाळणी, मापाची बुटकी वाटी. मी पोळपाट-लाटणं मांडते तशीच मांडामांड. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून गॅलरीत केरसुणीच्या मागे लपवलेली असायची, ती मी आणून द्यायची. पहिल्या दिवशी ती उघडली तेव्हा मी पदर नाकाला लावूनच उभी राहिले.

"पदर काढ," ते म्हणाले. "पदराने वास घेतात का?"

मी पदर काढला. शर्टांना येतो तसा भपकारा येईल म्हणून तोंड वाकडं करून तयारच होते. पण ते काहीतरी वेगळंच होतं. आधी लिंबाची साल. मग ओलं लाकूड. मग खूप ओळखीचं काहीतरी, जे नावासकट जिभेवर येता येता मागे सरकत होतं. मी डोळे मिटले, वाफ ओढावी तसा हात फिरवला.

"तिरफळ!" मी म्हणाले.

"तिरफळ नाही. ही जिन. विलायतेतलं एक जंगली फळ असतं तिच्यात."

"असेल. मला आमच्या कालवणातलं तिरफळ येतंय."

ते हसले. आजारपणानंतर पहिल्यांदाच मी त्यांना हसताना बघितलं, आणि खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं की मी लगेच दुसरी बाटली उघडायला सांगितली.

हळूहळू मला कळायला लागलं की हा स्वयंपाकच आहे. इतकी वर्षं मी जिला दारू म्हणून नाक मुरडत होते ती ह्यांच्या लेखी नुसती तेलासारखी होती. तेल पिऊन कोणी जेवत नाही, पण तेलाशिवाय फोडणी बसत नाही. तिच्यावर आंबट घालायचं, त्या आंबटाला गोडाने आवरायचं, आणि गोड डोक्यावर बसू नये म्हणून किंचित कडू. आमटीचं दुसरं काय असतं? बर्फसुद्धा नुसता थंडाव्यासाठी नाही. तो वितळतो, त्याचं पाणी त्यात उतरतं, तेवढं पाणी हवंच असतं. जास्त झालं की पातळ वरण. रस घातलेलं कॉकटेल शेकरमध्ये जोरात हलवायचं, नुसत्या दारूचं स्वच्छ असेल तर चमच्याने हळू फिरवायचं. "वरण घोटतात, सार ढवळतात," मी म्हणाले, आणि ते म्हणाले, "अगदी तेच."

शेकर हलवताना ते कान देऊन ऐकायचे. आधी बर्फ खडखड वाजतो, मग खडे मोडतात, आवाज बारीक होतो, आणि एका क्षणी तो दबतो. तिथे थांबायचं. मोहरी तडतडायची थांबली की हिंग घालायचा, तसं. त्यांचे हात तेव्हा खांद्याच्या वर असायचे आणि शेकरवर बाहेरून दव जमलेलं असायचं. ओतताना गाळणीतून कोकमाची लाल धार यायची, ती खिडकीतल्या उन्हात आरपार दिसायची, आणि ओट्याच्या पांढऱ्या टाइलवर तिचा गुलाबी डाग हलत राहायचा. मी लग्नाच्या नवऱ्याला इतक्या वर्षांत काम करताना बघितलंच नव्हतं. किती देखणं काम करायचे ते! हे मी त्यांना तेव्हा सांगितलंही. त्यांनी न ऐकल्यासारखं केलं पण कान लाल झाले.

घरचा बर्फ माझ्याच नाकाने नापास केला. त्याला बांगड्याचा वास येत होता. मग फ्रिजमध्ये मासळीबंदी झाली. मालवणी माणसाने घरात मासळीबंदी करावी, ह्यावरून ह्यांची ओढ किती होती ते समजावं.

कॉकटेल कोकमाचं करायचं हे लवकर ठरलं. लिंबू सगळेच वापरतात, आपण आपलं आंबट वापरू, असं ते म्हणाले. आमच्याकडे कोकम दोन बाटल्यांत असायचं. एकीत आगळ, म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा दाट रस, सोलकढीचा. दुसरीत साखरेतलं, सरबताचं. दोन्ही बाटल्या सारख्या, रंग सारखा, आणि नाव चिकटवायची आमच्यात पद्धत नाही, कारण कोकणातल्या बाईला बूच काढल्याबरोबर कळतं. त्या दिवशी मात्र मी वर मान करून शेजारणीची कागाळी सांगण्यात गुंग होते आणि सरबताऐवजी आगळ पुढे केलं. ह्यांनी माप ओतलं, हलवलं, स्ट्रॉने दोन थेंब जिभेवर घेतले आणि तोंड एवढंसं झालं. "खारट! समुद्र आहे हा!" मी जीभ चावली आणि ग्लास ओतून द्यायला निघाले. "थांब, थांब," ते म्हणाले. पुन्हा जिभेवर घेतलं, मोरीत थुंकले, विचार केला. "कडू मागे गेलं बघ ह्याने. एवढं नको, पण थोडं आगळ राहू दे." असं आमच्या त्या घोटाळ्यातून दोन्ही कोकमं एकाच ग्लासात आली.

मग मी तिरफळाचा हट्ट धरला. ते तयार होईनात. "बांगड्यात घालतात ते? पाहुणा विचारेल, मासा कुठाय!" मी म्हणाले, पाहुणा फ्रान्सचा की जर्मनीचा, त्याने बांगडा बघितलाय कुठे? तिरफळ ठेचून पाण्यात टाकलं आणि ते पाणी घातलं, तर खरंच कालवणाचा वास सुटला. मला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी एकच टरफल ग्लासात टाकलं. तरी जास्त. मग मला सुचलं की कालवणात तिरफळ शेवटी घालतात, ढवळत नाहीत आणि खाताना ताटाच्या कडेला काढून टाकतात. त्याचं काम फक्त वास देऊन निघून जाण्याचं. मी ठेचलेलं टरफल रिकाम्या ग्लासाला आतून फिरवलं आणि फेकून दिलं. ह्यांनी त्यात लाल धार ओतली. मी वास घेतला. आधी कोकम, मग जिन, आणि जिनच्या मागे, खूप मागे, आमच्या गावचं तिरफळांचं कुंपण.

"झालं," मी म्हणाले.

"काय झालं? सांग ना नीट."

मी सांगितलं. कुठला वास वर आहे, कुठला खाली बसलाय, कुठला आधी येतो आणि कुठला ग्लास ठेवल्यावर. ते स्टुलावर डोळे मिटून ऐकत होते. माझ्या बोलण्यातून त्यांना काय येत होतं कोण जाणे, पण चेहरा असा मऊ झाला होता की मी थांबूच शकले नाही. बिल्डिंगमधली एक बाई साखर मागायला आली आणि दारातूनच म्हणाली, "काय गं, कसलं सरबत करतेस? झकास वास येतोय." ह्यांनी तिला जिन न घालता एक ग्लास करून दिला. बाईने मिटक्या मारत संपवला आणि साखर विसरून गेली.

त्यानंतर वासांचं सांगणं नुसतं ओट्यापुरतं राहिलं नाही. बाजारातून येताना ते विचारायचे, "आता कसला येतोय?" मी सांगायचे, पार्काकडे गवत कापलंय. कोपऱ्यावर कोणीतरी शेंगदाणे भाजतंय. खालच्या मजल्यावर दूध करपलंय, आणि ती मान्य करणार नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण आम्ही एकमेकांशी इतकं कधी बोललो नव्हतो. संध्याकाळी ते कामावर गेले की मला दुसऱ्या दिवशीच्या दुपारची ओढ लागायची. प्रेमात पडलेल्या मुलीसारखी मी झाले होते, आणि पदरात शाळकरी मुलगी असताना हे कोणाला सांगायची सोय नव्हती.

दसरा झाला आणि तो दिवस आला. दोन्ही कोकमं आणि कागदात बांधलेली तिरफळं पिशवीत घालून ते दुपारीच गेले. मी देवघराचा पडदा उघडून दिवा लावला. देवाला काय सांगावं कळेना. शेवटी मी म्हणाले, वास नाही दिलास तर नाही, पण बार काढून घेऊ नकोस.

ते दिवेलागणीला परत आले. चपला काढता काढता म्हणाले, "घेतलं. यादीत घेतलं." मॅनेजरने ग्लास संपवला आणि संपलेल्या ग्लासाचा पुन्हा वास घेत बसला म्हणे. मी टाळ्याच वाजवल्या. मग ते म्हणाले, "आणि नाकाचंही सांगून टाकलं."

"अहो, अक्कल काय गहाण ठेवलीत?" मी एवढ्या जोरात ओरडले की मुलगी अभ्यास सोडून आली. "सगळं जमून आलं होतं ना!"

"त्याने विचारलं, ही कल्पना कुठून आली. मग काय सांगू? माझी?" ते म्हणाले. "नाक तुझं आणि नाव माझं, असं नाही जमणार मला."

मॅनेजर म्हणाला म्हणे, हात आहेत, जीभ आहे, मापं पाठ आहेत. बारवरच राहा. दूध आणि रस दुसरा कोणीतरी तपासेल. त्याने स्टोअरचं नाव काढलं नाही. ह्यांनी पुढे बरीच वर्षं त्याच काउंटरच्या आत काढली, आणि कोकमाचं ते कॉकटेल यादीत राहिलं. म्हणजे नोकरीचं सगळं नीट झालं. मग उरली फक्त दिवाळी.

दिवाळीची वाट आम्ही लहान मुलांसारखी बघितली. भाजणी भाजताना ते मुद्दाम शेगडीपाशी येऊन बसायचे. तूप कढवलं, बेसन परतलं, वेलची कुटली, सगळं त्यांच्या नाकासमोर. एकदा चकल्या तळताना म्हणाले, "आला! येतोय!" मी झारा टाकून वळले. मग त्यांनीच मान हलवली. कढईतून धूर निघताना दिसला होता, एवढंच. चकल्या त्या घाण्याच्या काळ्या झाल्या.

पाडव्याच्या सकाळी आमच्यात बायको नवऱ्याला तेल-उटणं लावून न्हाऊ घालते. मुलगी अजून झोपली होती. गॅलरीत कंदील हलत होता, बाहेर उजाडत होतं, आणि अंगाला पहिली थंडी जाणवत होती. मी तेल कोमट केलं, उटणं दुधात कालवलं. त्याचा वास साऱ्या खोलीत पसरला. गुलाब, चंदन, नागरमोथा. हे पाटावर उघडे बसले होते. मी डोक्यावर तेल जिरवलं, पाठीला लावलं, खांद्यांना, हातांना. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं.

"काही येतंय?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी छातीला उटणं लावत होते तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं आणि नाकाशी नेलं. खूप वेळ तसेच बसले. श्वास आत जाताना मला जाणवत होता.

"बारचं सोड," ते म्हणाले. "जिनचा वास मला आठवतो. लिंबू आठवतं. आयेच्या चुलीचा धूर आठवतो. डोळे मिटले की सगळं येतं." मग त्यांचा आवाज बदलला. "तुझो वास माका आठवणा नाय गो. कधी नीट घेतलोच नाय. रोज होतो ना."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात उटण्याचे होते, पुसता येईना.

"सांग मगे," ते म्हणाले. "कसो आसा?"

सगळ्या जगाचा वास मी त्यांना सांगितला होता. मी दुसरं मनगट नाकाशी नेलं. उटणं होतं, तेल होतं. दंडाशी नाक नेलं, तिथे साबण. पदर हुंगला, त्याला कालच्या तळणाचा वास होता. हे सगळे अंगावर येऊन बसलेले वास होते. त्यांच्या खाली माझा म्हणून जो काही असेल, तो मला येईना. स्वतःचा वास स्वतःला येत नसतो. तो फक्त त्यांनाच यायचा. मी पुन्हा पुन्हा मनगट नाकाशी नेत होते, आणि ते उटण्याने माखलेले, पाटावर डोळे मिटून, माझ्या उत्तराची वाट बघत होते.